सावल्या मोजणारा प्रोजेक्टर: चार महिन्यांच्या वापरानंतर

आधी कामाचं सांगते. दिवाळीच्या सेलमध्ये ८,९९० रुपयांना घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा पाच-सहा निरनिराळ्या नावांनी विकला जातो आणि तुमच्या हाती येईल त्यावर भलतंच नाव असेल. पांढरा, पावाच्या लादीएवढा, एका हाताने उचलता येतो. खोक्यावर ठसठशीत ‘फोर-के’ लिहिलंय, त्याला भुलू नका. फोर-के सिग्नल तो आत घेतो, एवढाच त्याचा अर्थ. भिंतीवर पडणारं चित्र १२८० बाय ७२० ठिपक्यांचंच. उजेडाचंही तसंच. खोक्यावर ९,००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप), हे कोणी कशाने मोजले देव जाणे. माहितीच्या पानावर ‘अ‍ॅन्सी ल्युमेन’ (ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड) हा शब्द शोधा, बारीक अक्षरांत कुठेतरी असतो. माझ्यात ते २०० आहेत. म्हणजे ट्यूबलाइट चालू असेल तर चित्र वीस वेळा धुतलेल्या ओढणीसारखं दिसतं, आणि खोली पूर्ण काळोखी केली तर झकास. आठ फुटांवरून साधारण ८५ इंची चित्र पडतं. आणखी मागे नेलात तर मोठं होतं, पण दुप्पट मोठ्या चित्राला चौपट जागा लागते आणि उजेड तेवढाच असतो, त्यामुळे माणसांचे चेहरे राखाडी पडतात. हाव करू नका.

आता कशासाठी घेतला ते.

मला वेडेवाकडे सिनेमे आवडतात. नुसते बघायला आवडले असते तर प्रश्न नव्हता, लॅपटॉप होता. मला ते दाखवायला आवडतात, आणि हा रोग आहे. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यात सासरच्या किती माणसांना मी किती वेळा ४३ इंची टीव्हीसमोर बसवलं असेल याची मोजदाद नाही. टीव्हीवर एक गोष्ट ठरलेली असते. दहाव्या मिनिटाला पहिला मोबाइल पेटतो, पंधराव्याला कोणीतरी ‘तू थांबवू नकोस, मी ऐकतोय’ म्हणत आत जातं. माझं म्हणणं असं होतं की दोष सिनेमांचा नाही, टीव्हीचा आहे. मोठं चित्र आणि अंधार असला की माणूस बसतो.

नवऱ्याने विचारलं, “नऊ हजार कशाला?” मी म्हटलं, आपण नाशिकचे. फाळके आपल्या त्र्यंबकचे. १९११ साली गिरगावात त्यांनी मुलाला नेऊन सिनेमा दाखवला. घरी येऊन पडद्यावर जनावरं पाहिल्याचं सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं घर घेऊन गेले. ईस्टर होता, त्यामुळे जनावरांऐवजी ख्रिस्ताचं चरित्र लागलं होतं. सरस्वतीबाईंनी नवऱ्याला वेड्यात काढलं नाही. पुढे दागिने दिले, रात्र रात्र जागून कच्च्या फिल्मला भोकं पाडली. माझा नवरा म्हणाला, “मला भोकं पाडायला सांगू नकोस म्हणजे झालं.” ही परवानगी समजून मी ऑर्डर टाकली.

पहिला प्रयोग ‘जाने भी दो यारो’ने केला. १९८३ चा, कुंदन शाहांचा, सात लाखांच्या आत केलेला. हा काही फार वेडावाकडा नाही, पण सुरुवात सौम्य हवी. इथेच या प्रोजेक्टरचा मुख्य गुण (किंवा दोष, तुम्ही ठरवा) माझ्या लक्षात आला.

आमच्या हॉलची रचना अशी की स्वयंपाकघराकडे जायची वाट टीपॉयच्या पुढून जाते. प्रोजेक्टर टीपॉयवर. त्यामुळे जो कोणी उठेल त्याची सावली आधी पडद्यावर येते. टीव्हीसमोरून माणूस हळूच सटकू शकतो. इथे सटकायचं तर स्वतःचं आठ फुटी डोकं नसीरुद्दीनच्या छातीवर नेऊन मगच जावं लागतं. जाऊबाईंचा अंबाडा, दिराचं वर आलेलं कुरळं पीस, आमच्या मुलीच्या हातातला मोबाइल, सगळं ओळखू येतं. त्या रात्री मी सिनेमा कमी पाहिला आणि सावल्या जास्त मोजल्या. एकूण अकरा, त्यातल्या चार एकट्या जाऊबाईंच्या. साडेनऊला त्या “कुकर लावते” म्हणून उठल्या. जेवणं आठलाच झाली होती.

नाटकातल्या महाभारताच्या प्रसंगाला मात्र एकही सावली नाही. सतीश शाहांचं प्रेत द्रौपदी झालं तेव्हा दीर सोफ्यावरून घसरले. मी मनात म्हटलं, जिंकलो. मग शेवट आला आणि दिवा लावल्यावर जाऊबाई म्हणाल्या, “इतकं हसवून शेवट असा का केला? उगाच झोप घालवली.” चाळीस वर्षांत या सिनेमावर लोकांनी इतकं लिहिलं, पण त्याचं जे काम होतं ते एवढ्या थोडक्यात कोणी सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. त्यांना मात्र ही तक्रार होती.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगून टाकते. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात आणि हा प्रोजेक्टर मूळ सेटिंगवर सगळं ताणून भिंतभर करतो. सासूबाईंसाठी एकादशीला प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावला, विष्णुपंत पागनीस तुकाराम झालेत तो. पाच मिनिटांत त्या म्हणाल्या, “पागनीस एवढे जाड नव्हते गं.” मला तोवर कळलंच नव्हतं. सेटिंगमध्ये चित्राचा आकार ‘ऑटो’वरून ४:३ वर आणला आणि तुकोबा पूर्ववत झाले. या सासूबाई कमी बोलतात, पण त्यांचं लक्ष असतं, हे तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं.

मग जानेवारीत मी तो सिनेमा लावला ज्यासाठी हे सगळं केलं होतं. ‘ओम दर-ब-दर’. कमल स्वरूप यांचा, १९८८ चा. बर्लिनच्या महोत्सवात त्याच वर्षी दाखवला गेला आणि आपल्याकडे चित्रपटगृहात लागायला २०१४ चा जानेवारी उजाडला. मधली पंचवीस वर्षं तो घासलेल्या व्हिडिओ कॅसेटींवरून एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. मी तो २०१४ ला मुंबईत जाऊन पाहिला. आम्ही थोडेच जण होतो, मध्यंतरानंतर आणखी थोडे. बाहेर आल्यावर मला गोष्ट सांगता येत नव्हती आणि डोकं मात्र घासूनपुसून लख्ख झालं होतं. अजमेरचा एक मुलगा, नोकरी सोडून ज्योतिष बघणारे वडील, मोठी बहीण, हिरे, बेडूक, आणि बराच वेळ श्वास रोखून धरण्याची विद्या. यापुढे विचारू नका. याच स्वरूपांनी पुढे फाळक्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, म्हणजे आमच्या नाशिकशी त्यांचा धागा आहेच. पण ते मी घरच्यांना सांगितलं नाही. ‘ऐतिहासिक महत्त्व’ असं काही कानावर पडलं की माणसं आधीच चपला शोधतात.

तयारी जंगी केली. पांढरी चादर इस्त्री केली. (चादर भिंतीपासून लोंबती ठेवू नका, निम्मा उजेड आरपार जातो. भिंतीला चिकटवूनच लावा. घडीची रेघ राहिली तर ती सिनेमाभर नायकाच्या नाकावर असते.) भेळभत्ता आणला. दीर-जाऊ, नवरा, मुलगी, सासूबाई आणि खालच्या मजल्यावरचे काका, ज्यांना मी ‘राजस्थानचा सिनेमा आहे’ एवढंच सांगितलं होतं. ते बहुधा उंट बघायला आले होते.

प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर म्हणजे डब्यातली माशी. शिवाय आतला पंखा सतत घरघरतो, शांत प्रसंगात तर मिक्सर दूर कुठेतरी चालू असल्यासारखा. म्हणून दिरांनी आपला ब्लूटूथ स्पीकर जोडला. आवाज मोठा आला, पण ओठांच्या मागून. माणूस बोलून तोंड मिटतो आणि मग वाक्य येतं.

वीस मिनिटं कोणी काही बोललं नाही. सगळ्यांना वाटलं सिनेमाच असा आहे.

आणि खोटं कशाला बोलू, पहिली दहा मिनिटं मलाही तसंच वाटलं. बारा वर्षांपूर्वी पाहिलेला, असेलही असा, असं म्हणून मी माना डोलावत होते. शेवटी मुलगी म्हणाली, “आई, हे लॅग होतंय की हा आर्ट आहे?” हॉलमध्ये त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा तिथे झाला. १५० रुपयांची साधी ऑडिओ केबल घ्या, ब्लूटूथच्या नादी लागू नका. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं.

त्या रात्री मात्र स्पीकर काढून पुन्हा माशीच्या आवाजावर आलो. काकांची सावली पंचविसाव्या मिनिटाला गेली, हात जोडूनच गेली. दिरांना ऑफिसचा फोन आला, शनिवारी रात्री. जाऊबाईंचा अंबाडा दोनदा गेला आणि एकदाच परत आला. नवरा बसल्या जागी घोरत होता, पण त्याला मी गैरहजर धरत नाही, तो हजर राहून झोपतो. मी पुढे बघायचं सोडून मागे बघत होते. बेडकांचं दृश्य आलं की कोणाचे डोळे मोठे होतात, गाणं आलं की कोणाचा पाय हलतो. कोणाचाच हलत नव्हता. आपल्याला आवडलेला सिनेमा दुसऱ्याबरोबर बघताना तो किती लांब असतो, हे घड्याळ सांगत नाही. शंभरेक मिनिटांचा सिनेमा, मला अडीच तासांचा लागला.

तेवढ्यात पुष्करचा घाट आला आणि सासूबाई ताठ बसल्या. “हे पुष्कर! इथे आम्ही आलो होतो. त्या पायऱ्यांवर तुझ्या सासऱ्यांची चप्पल गेली.” मग ती चप्पल कशी गेली, पंड्याने दुसरी कशी देऊ केली, ती स्त्रियांची निघाली, आणि अजमेरपर्यंत सासरे ती घालून कसे आले, हे सगळं सिनेमाच्या आवाजावरून चाललं होतं. माझं डोकं सणकलं होतं. मी दोनदा ‘आई, बघा ना’ म्हटलं. त्या म्हणाल्या, “बघतेच आहे.”

दिवा लागला तेव्हा जाग्या अशा आम्ही दोघीच होतो. मुलगी खुर्चीत होती पण मोबाइलमध्ये. सासूबाई गुडघे चोळत म्हणाल्या, “बापाचं ज्योतिष खोटं होतं, पण पोरगं खरं होतं.” आणि झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते आणि त्या भजनी मंडळातल्या मैत्रिणीला फोनवर सिनेमा सांगत होत्या. दहा मिनिटांत अख्खा. मुलगा कोण, बहीण कोण, हिरे कुठे लपवले, बेडूक का फाडले, सगळं सरळ ओळीत, एखाद्या व्रताच्या कहाणीसारखं. मला आजवर ती गोष्ट सांगता आलेली नाही. थोडंसं त्यांच्या पदरचं होतं, चप्पलही एका ठिकाणी आली. पण चहा गाळणीतच राहिला आणि मी ऐकत उभी राहिले.

त्याच वर्षीचा, म्हणजे १९८८ चाच, ‘अशी ही बनवाबनवी’ पुढच्या शनिवारी सर्वानुमते लागला. एकही सावली नाही. उलट खालचे काका बायकोला घेऊन आले. संवाद पडद्याआधी हॉलमधून येत होते, त्यामुळे आवाज मागेपुढे झाला असता तरी चाललं असतं. मी रुसून स्वयंपाकघरात जाणार होते, पण माझीच सावली पडली असती.

बाकीचं भरभर सांगते. फोकस मधोमध धारदार, कोपऱ्यांत मऊ, त्यामुळे श्रेयनामावली वाचायचा छंद असेल तर त्रास होईल. तिरका ठेवला तर चित्र आपोआप सरळ करतो, पण ते चित्र कापून करतो, तेव्हा मुळातच सरळ ठेवा. टीपॉयखाली जुने दिवाळी अंक घाला, उंची बरोबर येते. पेनड्राइव्ह थेट चालतो. आत दिलेल्या ॲपपैकी एक मोठं ॲप उघडतं पण सिनेमा लावत नाही, त्याला टीव्हीची काडी एचडीएमआयमध्ये खोचावी लागते. काळा रंग काळा दिसत नाही, राखाडी दिसतो, तेव्हा रात्रीच्या प्रसंगांचे सिनेमे असतील तर अपेक्षा बेताच्या ठेवा. वीज गेल्यावर आमच्या इन्व्हर्टरवर सिनेमा पूर्ण झाला. रिमोट अंधारात दिसत नाही, मी त्याला लग्नातली चमकी चिकटवलीय. एकदा बदलून मागण्यासाठी ग्राहक सेवेला फोन केला होता, पण त्यांनी मला इतका वेळ सनई ऐकवली की तोवर माझा राग उतरला.

पाचपैकी साडेतीन तारे. एक पंख्याच्या घरघरीसाठी कापला, अर्धा त्या ९,००० आकड्यासाठी. सावल्यांसाठी काही कापलेलं नाही.

जाऊबाईंनी पुढच्या रविवारी तो मागून घेतलाय, मुलाच्या मुंजीचा व्हिडिओ माहेरच्यांना दाखवायला. तीन तासांचा आहे, आम्हालाही बोलावणं आहे. त्यांच्याकडे प्रोजेक्टर सगळ्यांच्या मागे कपाटावर राहील, म्हणजे उठणाऱ्याची सावली पडायची नाही. मी यंत्र देईन, केबल देईन, चादरही देईन. पेनड्राइव्ह तेवढा त्यातून काढायचा विसरणार आहे.