मोसिन-नागांत की इशापूर २ए१?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला जुनी लष्करी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (दर गोळीला बोल्टचा दांडा हाताने मागे-पुढे करावा लागतो ती) घ्यायची हुक्की आली, की दोन नावं समोर येतात. एक रशियाची मोसिन-नागांत ९१/३०, दुसरी बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात घडलेली २ए१. भारतात हा प्रश्नच येत नाही. थ्री नॉट थ्री काय किंवा ७.६२ काय, दोन्ही प्रतिबंधित बोअर (नळीचं माप), परवानाधारकाच्या वाट्याला .३१५ येते. अमेरिकेतही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर थांबा. बिगर-स्थलांतरित व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, आणि वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही.

मोसिनचं आकर्षण होतं तिची किंमत. एकेकाळी शंभर डॉलरच्या आत मिळायची, सोबत ४४० गोळ्यांचा सीलबंद डबा स्वस्तात. ते दिवस गेले. रशियातून येणारा माल आटला, आणि २०२१ पासून रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवे परवानेही बंद झाले. आज ती कित्येक पट महाग आहे, त्यामुळे 'स्वस्त म्हणून घ्यावी' हे कारण उरलेलं नाही.

झाडायला ती हट्टी. बोल्टचा दांडा आखूड आणि सरळ, नव्वद अंश उचलावा लागतो. दर गोळीला खांद्यावरून रायफल ढळते. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथे, जुनं कॉस्मोलिन (साठवणीतलं गंजरोधक ग्रीस) राहिलं असेल तर वीसेक गोळ्यांनी नळी तापते, ते चिकट होतं आणि बोल्ट अडतो. माझा असाच अडला, तेव्हा तळहाताने ठोकून उघडावा लागला. सेफ्टी म्हणजे मागची गुंडी खेचून फिरवायची. थंडीत बोटं दुखतात. शिवाय रशियन सैनिक संगीन लावूनच नेम बसवायचे. ती काढली की गोळ्या भलतीकडे जातात, मग नेमाची पुढची माशी सरकवत बसा.

जुन्या लष्करी गोळ्यांच्या प्रायमरमधलं (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतलं) मीठ नळीत उरतं आणि हवेतला ओलावा ओढतं. गरम पाणी ओतायचं, कोरडं करायचं, मगच तेल, आणि हे त्याच दिवशी. एनसीसीत पुल-थ्रूला चिंदी बांधून नळी ओढलेल्यांना यात मजा वाटेल, बाकीच्यांना कंटाळा. सर्बियाच्या नव्या गोळ्या घेतल्या तर हा त्रास टळतो, पण खर्च वाढतो.

२ए१ वेगळी. दिसायला बंदोबस्तावरच्या हवालदाराची थ्री नॉट थ्री. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर पोलिसांच्या हातात होती तिचीच बहीण. पण .३०३ची नळी बदलून ती केली, ही समजूत चुकीची. चीन युद्धानंतर, ६०च्या दशकात ती ७.६२ नाटोसाठी नव्याने आणि जास्त मजबूत पोलादात बनवली. मागच्या साइटचा पल्ला २००० यार्डांवरून ८०० मीटरवर आणला, ती झाली २ए१. हिच्या बोल्टला साठ अंशच फिरवावं लागतं, आणि बोल्ट बंद करताना स्प्रिंग ताणली जाते. नजर निशाण्यावरून न हलवता गोळ्या झाडता येतात. थ्री नॉट थ्री आणि २ए१ ज्या घराण्यातल्या, त्या एनफिल्डची खरी श्रीमंती हीच. गोळ्या बुडाला कडा नसलेल्या असल्याने मॅगझीन भरताना .३०३सारखी, कडा एकमेकींत अडकू नयेत म्हणून घ्यावी लागणारी क्रमाची काळजीही नाही.

गोम एकच. दुकानात सहज मिळते ती .३०८ विंचेस्टर, आणि ती नाटो ७.६२ची जुळी नव्हे. दाब आणि चेंबरची मापं यांत फरक आहे. गनस्मिथकडून गेज लावून हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये गोळी टेकते ती जागा यांतलं अंतर) तपासून घ्या आणि लष्करी मापाच्या ७.६२ गोळ्याच वापरा. मोसिनचा हेडस्पेसही तपासावाच, पण २ए१ला हे टाळताच येणार नाही.

माझं मत २ए१च्या बाजूने. महिन्यातून दोनदा रेंजवर जाणाऱ्याला तिच्या गोळ्या मिळत राहतील. इतिहासासाठी मोसिनच हवी असेल तर फिनलंडची एम-३९ शोधा, नेम तिचा बरा. दस्ता कापून शिकारी बनवलेली कुठलीही घेऊ नका, मूळ रूप परत येत नाही.

आणि एनफिल्ड घराण्यातली कुठलीही रायफल हातात घेतलीत की आधी 'डीपी' अक्षरं कोरलीत का बघा. ती कवायतीची रायफल. भिंतीवर टांगा, चेंबरमध्ये गोळी घालू नका.