रेसिंग पॅडच्या नावाखाली लाल रंग विकला; ५८,५५० रुपये गेले

एका विक्रेत्याने रेसिंगचे म्हणून मला बनावट ब्रेक पॅड विकले. आधी हिशेब. पुढच्या चाकांचे 'परफॉर्मन्स' ब्रेक पॅड १८,४०० रुपये, फिटिंग १,८००, ब्रेक ऑइल बदलल्याचे १,३५०. म्हणजे २१,५५० रुपये थेट त्या विक्रेत्याच्या खिशात. त्यानंतर त्या पॅडांनी खाल्लेल्या दोन डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, पॅड तिलाच दाबून गाडी रोखतात) २३,८००, साधे ओईएम म्हणजे मूळ दर्जाचे पॅड ९,८५०, पॅड झिजल्याचं सांगणाऱ्या सेन्सरची कापून टाकलेली वायर दुरुस्त करायचे १,१५०, मजुरी २,२००. एकूण ५८,५५०. गाडी २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २३० पीएस ताकदीची. रोजच्या कामाला वापरायची गाडी आहे, शर्यतीची नाही. आणि हा माल साउंड सिस्टीमचा नव्हता, ब्रेकचा होता. कसारा घाट उतरताना पेडल नरम पडायला लागलं, ती भीती या हिशेबात कुठेच धरलेली नाही.

खेळ नेहमीचाच. बाहेरून मागवलेला माल, शेवटचा एकच सेट शिल्लक, पुढच्या आठवड्यात भाव वाढणार, पक्कं बिल नको असेल तर जमवून देतो. हे सगळ्यांना माहीत आहे. पण इथे खोट्यात खरं इतकं बेमालूम मिसळलेलं होतं की गाड्यांमधलं चार गोष्टी कळणारा माणूसच आधी फसेल. नवखा निदान कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन महाग का होईना, खरे पॅड तरी घेऊन येतो.

ते खरं असं. शर्यतीच्या ट्रॅकवर वापरायच्या पॅडचं कंपाउंड, म्हणजे घर्षणाच्या मटेरियलचं मिश्रण, वेगळं असतं. साधा पॅड खूप तापला की त्यातलं मटेरियल धरून ठेवणारं रेझिन जळून वायू सुटतो, पॅड आणि डिस्कमधलं घर्षण घटतं, पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ट्रॅकचा पॅड तीच उष्णता पाचशे-सहाशे अंशांपर्यंत सोसतो. विक्रेत्याने एवढंच सांगितलं. त्याची दुसरी बाजू त्याने गिळली: तोच पॅड थंड असताना नीट धरत नाही. नाशिकात कॉलेज रोडवरून सातपूरला जाताना सिग्नल-सिग्नलला ब्रेक दाबून डिस्क क्वचितच दोनशे अंशांच्या वर जाते. डिसेंबरात निफाडकडून सकाळी निघालात तर पहिल्या दोन-तीन ब्रेकला ट्रॅक पॅड घसरल्यासारखा वाटेल. वर किंचाळतो, काळी पूड उडवून ॲलॉय चाकं खराब करतो आणि डिस्क लवकर झिजवतो. रोजच्या गाडीला ट्रॅक पॅड लावूच नये, खरा मिळाला तरीही.

वणीच्या गडावरून नांदुरीला उतरताना ब्रेक तापतात ही तक्रार खरी आहे. पण तिचं उत्तर बहुतेक वेळा पॅडमध्ये नसतं. गिअर खाली टाकून इंजिनवर गाडी रोखा. डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर मॅन्युअलमध्ये घ्या, डी मध्ये ठेवून ब्रेकवर पाय टेकून उतरू नका. दुसरं म्हणजे ब्रेक ऑइल. डॉट हा त्याचा दर्जा. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल ओढून घेतं आणि मुरलेल्या ऑइलसाठी मानकात हाच आकडा १५५ आहे. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. डॉट ५.१ चालतं. डॉट ५ चालत नाही, ते सिलिकॉनचं असतं आणि ४ मध्ये मिसळायचं नसतं. आकडे जवळचे दिसतात म्हणून काउंटरवरचा पोरगा कुठलीही बाटली हातात देतो.

आता त्या डब्यात काय होतं ते. वापरून फेकलेल्या पॅडांच्या जुन्या लोखंडी प्लेटा. त्यांवर नवं फ्रिक्शन मटेरियल चिकटवलेलं आणि वरून लाल पावडर कोटिंगसारखा दिसणारा स्प्रे. नंतर दुसऱ्या गॅरेजमध्ये पॅड उतरवल्यावर प्लेटचा रंग सुरीने खरवडला तर खाली गंजाचे जुने खड्डे. जाडी मोजायचा व्हर्निअर लावला तर एकाच पॅडच्या दोन टोकांच्या जाडीत दीड मिलिमीटरचा फरक. कडेला मटेरियल आणि प्लेटमध्ये फट, नख आत जाईल एवढी. खऱ्या पॅडमध्ये हे मटेरियल दाबाखाली तापवून प्लेटवर बसवतात, दोन्हींच्या मध्ये जोडथर असतो, कडा सुटतच नाही. इथे घाटात अख्खा ठोकळा प्लेटवरून निघाला असता तर लोखंडावर लोखंड घासलं असतं.

आणि हे सगळं फिटिंगच्या वेळी डोळ्यांसमोर होतं, याचाच संताप येतो. प्लास्टिक फाडलं तेव्हा चारही पॅडांच्या पाठी कोऱ्या होत्या. ना बॅच नंबर, ना कोड, फक्त एक चकचकीत स्टिकर. सेन्सरची वायर नव्हती. फिटरने गाडीच्या बाजूची वायर कापली, दोन टोकं पिळली, वर टेप गुंडाळली, डॅशबोर्डवरचा दिवा लागू नये म्हणून. विचारल्यावर उत्तर तयार: "साहेब, रेसिंगच्या पॅडला सेन्सर येतच नाही." आता हे खोटं आहे का? नाही. बऱ्याच खऱ्या परफॉर्मन्स पॅडांना सेन्सर वायर खरोखरच नसते. ज्याला हे माहीत आहे तो मान डोलावणारच. त्यानंतर डबा परत घेतला, वॉरंटी रजिस्टर करायची आहे म्हणून. तिथेच पुरावा गेला. पॅडला कसली आलीय वॉरंटी रजिस्ट्रेशन! पण जो माणूस दहा मिनिटं कंपाउंडच्या तापमानावर अचूक बोलतो, त्याच्यावर डब्यासाठी कोण संशय घेईल?

पॅड हातात घेऊन पाठ आणि कड वाचा. युरोपात मंजूर झालेल्या पॅडवर वर्तुळात ई हे अक्षर आणि देशाचा आकडा असतो (जर्मनी १, इटली ३), सोबत ९०आर ने सुरू होणारा क्रमांक. म्हणजे मूळ पॅडशी तुलना करून तपासलेला माल. ट्रॅकच्या पॅडांवर तो बहुधा नसतो. अमेरिकन पद्धतीच्या कोडमध्ये शेवटी दोन अक्षरं असतात, पहिलं साधारण तापमानाचं घर्षण, दुसरं गरम झाल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. रोजच्या गाडीला एफएफ पुष्कळ झालं. जीई असं दिसलं तर तापल्यावर पकड सुटते असा अर्थ. छपाई स्टिकरवर असून उपयोग नाही, ती प्लेटवर किंवा मटेरियलच्या कडेवर हवी, आणि चारही पॅडांवर तोच कोड हवा.

फिटिंगमध्येही लूट होते आणि त्याहून वाईट म्हणजे हानी होते. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढला की तो ऑइलच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचा नसतो, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधायचा. त्यातला पिस्टन क्लॅम्पने हळू आत ढकलायचा आणि तेव्हा ऑइलच्या टाकीकडे लक्ष ठेवायचं, कारण ऑइल वर येऊन सांडतं आणि सांडलं तर रंग खातं. ज्या गाड्यांच्या मागच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आहे, तिथे स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये पिस्टन मागे घ्यावा लागतो. क्लॅम्पने जबरदस्ती केली तर मोटर जाते. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाईड पिन साफ करून त्यांना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीसच लावायचं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं की रबर फुगतं, पिन अडकते, एकच पॅड झिजतो. माझ्या गाडीत तेच पिवळं ग्रीस निघालं. चाकाचे बोल्ट (माझ्या गाडीत) १२० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळायचे, गनने नाही. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं. हे विसरलं तर गॅरेजच्या दारातच गाडी थांबत नाही.

नवे पॅड बसवण्याची पद्धत असते, ती तर कुणी सांगतच नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग ब्रेक न दाबता काही किलोमीटर गाडी चालवून थंड करायची. याने पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून सिग्नलला उभे राहिलात तर तिथे ठिपका उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं. थरथर आली की गॅरेजवाला म्हणतो "डिस्क वाकडी झाली, फेसिंग करू," म्हणजे घासून सपाट करू. बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसतेच, थर असमान बसलेला असतो. आधी वाकडेपणा मोजायचा डायल गेज लावायला सांगा. फेसिंग करायचीच असेल तर डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचा. त्याखाली गेलेली डिस्क फेकायची असते. माझ्या दोन्ही डिस्कवर खोट्या पॅडांतल्या धातूच्या कणांनी एवढे चरे पाडले होते की साफ केल्यावर जाडी किमानच्या खाली गेली असती. २३,८०० तिथे गेले.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "हा दिवाणी मामला आहे." दुसरं: "बिल दाखवा." हातात दिलेल्या कागदावर 'एस्टिमेट' लिहिलेलं, पैसे यूपीआयने गेले ते दुकानाच्या नाही तर भलत्याच माणसाच्या नावावर. तिसरं वाक्य, जे ऐकून कान तापले: "एवढी भारी गाडी वापरता, अठरा हजारांचं काय घेऊन बसलात?" भारी गाडीवाल्याला फसवलं तर तो गुन्हा नाही का? आणि हेच पॅड उद्या कुणाच्या टॅक्सीत बसले तर? बनावट ब्रँडचा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम १०३ आणि १०४ खाली गुन्हा आहे, किमान शिक्षा सहा महिने, कमाल तीन वर्षं. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. हे लेखी दिल्यावर अर्ज घेतला, पोच दिली आणि पुढे नुसतं "साहेब बाहेर आहेत". दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात सांगितलं, पार्ट खरा की खोटा ते आम्ही ठरवत नाही, लॅबचा रिपोर्ट आणा. लॅबचा खर्च कुणाचा? माझाच. ज्या ब्रँडचं नाव डब्यावर होतं त्यांच्या आयातदाराचं ईमेल दोन ओळींचं: अधिकृत विक्रेत्याकडून न घेतलेल्या मालाची जबाबदारी आमची नाही. त्यांच्याच नावाने कचरा विकला जातोय आणि त्यांना दुकानाचं नावही विचारावंसं वाटलं नाही! प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो आणि तेवढ्या वेळात तो माणूस पुढचा डबा विकतो.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, नोंद करा. पैसे देण्याआधी बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून दुकानाचं नाव जुळतं का पाहा आणि यूपीआयवर वेगळं नाव आलं तर तिथेच थांबा. डबा सोडू नका. जुने पॅड मागून घ्या, नाहीतर तेच रंगवून दुसऱ्याच्या गाडीत जातील. फसवणूक लक्षात आली तर खोटे पॅड धुऊ नका, घासू नका. काढताना व्हर्निअरसकट फोटो घ्या, काढणाऱ्या मेकॅनिककडून किलोमीटर रीडिंग आणि जाडी लिहून सही घ्या, आणि डावा-उजवा, आतला-बाहेरचा असं लिहून चारही पॅड वेगवेगळ्या पिशव्यांत बंद करा. माझे तसेच ठेवलेत. आयोगात तक्रार दाखल आहे, आणि या पॅडांची तपासणी कुणाच्या खर्चाने होणार हे अजून ठरायचं आहे.