घरगुती फ्रिज की आयएलआर? वाळवलेल्या लसी आणि सातपूरचा उन्हाळा

लहान मुलांचा नवा दवाखाना थाटणारे सहकारी मला अधूनमधून विचारतात, की लसींसाठी चांगला दोन दारी फ्रिज पुरेल, की आयएलआरच (आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर, म्हणजे लसींसाठीचा खास फ्रिज) घ्यावा? नाशिकमधल्या सातपूरच्या दवाखान्यात मी आधी नऊ वर्षे फ्रिज वापरला आणि गेली चार वर्षे आयएलआर वापरतो आहे, त्यामुळे अगदी तटस्थ असल्याचा आव आणत नाही. बोलायचे आहे ते मुख्यतः वाळवून येणाऱ्या लसींबद्दल, म्हणजे एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), कांजिण्या आणि क्षयरोगाची बीसीजी यांच्याबद्दल. कारण ‘कोरडी आहे, टिकेल’ हे वाक्य मी स्वतःही पुष्कळदा उच्चारले आहे.

त्या वाक्यात तथ्य नाही असे नाही. लस गोठवून निर्वातात तिच्यातले पाणी काढून घेतले, की तिच्यातला विषाणू (बीसीजीत जिवाणू) साखर आणि जिलेटिनसारख्या पदार्थांच्या काचेगत घट्ट थरात अडकून राहतो आणि त्याची मोडतोड मंदावते. कोरड्या गोवर लसीने ३७ अंशांत सात दिवस राहूनही किमान ताकद राखली पाहिजे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अट आहे, आणि देवीच्या निर्मूलनात उष्ण देशांच्या खेड्यापाड्यांत जी लस पोचली तीही वाळवलेलीच होती. परंतु मोडतोड मंदावते म्हणजे थांबते असे नव्हे. आजचा उकाडा मागच्या महिन्याच्या उकाड्यात जमा होत जातो. तीच लस डायल्युएंटमध्ये, म्हणजे तिच्यासोबत येणाऱ्या द्रवात, विरघळली, की मात्र फार नाजूक होते, ३७ अंशांत तासाभरातच जवळजवळ निकामी ठरते, हे वेगळे सांगायला नको.

फ्रिजच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. उभे दार, डोळ्यांसमोर कप्पे, कोरडे राहणारे खोके, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस गल्लीतच सापडतो. वाळवलेल्या लसीला गोठण्याचे भय नाही; भय असते ते तिच्या डायल्युएंटला, कारण आतले पाणी गोठले की काचेची कुपी तडकते. थंड हवेच्या झरोक्यासमोर ठेवलेल्या दोन कुप्या मी अशाच गमावल्या. शेजारी पेंटाव्हॅलंटसारखी द्रवरूप लस असेल, तर ती न तडकताच वाया जाते, म्हणजे अधिक वाईट. तरीही जागा ठरवून दिली की हा दोष आवरता येतो, आणि एवढ्यासाठी मी फ्रिज बदलला नसता.

मला वैताग आणला तो रविवारांनी. शनिवारी रात्री दवाखाना बंद होतो आणि मी राहतो इंदिरानगरला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकलेला, खिडक्या बंद, आणि दुपारी वळवाचे ढग दाटून आले की वीज हमखास जाणार. मग खालच्या औषध दुकानदाराला माझा फोन: “भाऊ, लाइट आहे का?” तो म्हणायचा, “गेली होती डॉक्टरसाहेब, आली आता.” किती वेळ गेली होती, हे त्याने कशाला पाहिले असेल? घरगुती फ्रिज वीज नसताना साधारण चार तासच थंडावा धरतो, असे आपल्याकडच्या शीतसाखळीच्या प्रशिक्षणात सांगतात; बंद खोलीत तो तेवढाही धरत नसावा, असा माझा अंदाज आहे. एका रविवारी मी पाच वाजता जाऊन दार उघडले, तर हाताला गारवा म्हणून लागला नाही. व्हायलमधली वाळवलेल्या लसीची पांढरी चकती मात्र जशीच्या तशी. माझ्याकडे येणाऱ्या खासगी पुरवठ्याच्या खोक्यांवर व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारा, चौकोन बहुधा नसतोच, त्यामुळे विचारायचे कोणाला? कांजिण्यांच्या लसीचा सगळा साठा मी केवळ शंकेपोटी टाकून दिला. कदाचित तो उत्तमही असेल. तापमान नोंदणारे यंत्र बसवायचे होते, असे कोणी म्हणेल. त्याने शंका मिटली असती, उकाडा नाही. इन्व्हर्टरही जोडून पाहिला. दोन उन्हाळ्यांत बॅटरी थकली आणि फोन चालूच राहिले.

आयएलआरच्या भिंतींना आतून बर्फाचे अस्तर असते आणि झाकण वर असते, त्यामुळे झाकण उघडले तरी जड थंड हवा तळाशीच राहते. दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी तो २ ते ८ अंशांत राहतो, हा त्याचा लौकिक माझ्या अनुभवाला तरी उतरला आहे. गैरसोयी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. किंमत बरीच जास्त, स्टॅबिलायझर वेगळा, वाकून टोपल्या उपसाव्या लागतात. पावसाळ्यात आत दव धरते आणि कागदी खोकी लिबलिबीत होऊन लेबले सुटतात. वाळवलेल्या लसीच्या बाबतीत हे त्रासाचेच आहे, कारण प्रत्येक लसीला तिच्याच कंपनीचा डायल्युएंट लागतो आणि टोपलीत त्यांची ताटातूट होते. आमच्या सिस्टर आता लसीची प्रत्येक व्हायल आणि तिच्या डायल्युएंटची कुपी एका झिपच्या पिशवीत ठेवतात. लस देण्याच्या आदल्या दिवसापासून डायल्युएंटही थंड व्हायला हवा, आणि त्यासाठी आत जागा उरते, हा एक फायदाच म्हणायचा.

ज्यांचे घर दवाखान्याच्या वरच आहे आणि जे आठवड्यापुरत्याच चार-पाच व्हायल आणतात, त्यांनी फ्रिज घेतला तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. सुरगाणा-पेठसारख्या दुर्गम भागात दवाखाना असेल, तर मात्र आयएलआरच घ्यावा, मला विचारण्याचीही गरज नाही. मधल्या सगळ्यांनी आपण रविवारी कुठे असतो, हे आधी आठवून पाहावे.

आयएलआर घ्यायचे ठरलेच, तर जिन्याची रुंदी आधी मोजावी. आमचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे, आणि आयएलआर शेवटी गॅलरीतून दोर लावून चढवावा लागला.