पालिकेचं बेघर निवारा केंद्र: रात्र निघते, पण फॅमिलीसाठी अजून बरंच बाकी

रेटिंग विचाराल तर ५ पैकी ३.५, आणि त्यातले बरेचसे मार्क तिथल्या एका केअरटेकर काकूंचे आहेत.

हॉटेलला रिव्ह्यू देतो, पार्लरला देतो, पण माणूस नाईलाजाने जिथं जातो त्या जागेबद्दल कुणालाच काही माहीत नसतं म्हणून लिहितेय. शहराचं आणि चालवणाऱ्या संस्थेचं नाव टाकत नाही, तिथं राहणाऱ्यांना उगाच त्रास नको.

आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या ताईंची खोली गेली. मालकाने चाळ बिल्डरला दिली, करार कधी केलाच नव्हता, भाडं रोख, त्यामुळे भांडायला हातात कागद नाही. ताई, नवरा (पेंटर, पायाला मार लागल्यापासून काम बंद), सासूबाई, पोरगी पाचवीत आणि पोरगा चौदा वर्षांचा. हे सगळे बोचकी घेऊन एसटी स्टँडवर झोपत होते आणि आम्हाला पत्ताच नाही, कारण बाई सकाळी टायमावर कामाला हजर. शेल्टरचं त्यांना सांगितलं कुणी, तर स्टँडवरच्या एका हमालाने! आमच्या अख्ख्या सोसायटीत एकालाही माहीत नव्हतं की पालिकेचं असं काही चालतं.

तर जागा म्हणजे बंद पडलेल्या शाळेची इमारत. खाली ऑफिस आणि पुरुषांचा हॉल, वर बायकांचा, आणि फॅमिलीसाठी म्हणून दोनच खोल्या. लोखंडी कॉट, गादी, ब्लँकेट, छोटं कुलपाचं कपाट. पैसे एक रुपया घेत नाहीत. आधार नसलं तरी परत पाठवत नाहीत, रजिस्टरला नाव, फोटो, अंगठा आणि झालं. संडास-बाथरूम रोज फिनेल मारून धुतात, मी स्वतः बघितलंय, आमच्याकडच्या लग्नाच्या हॉलमधल्यापेक्षा बरे होते खरं सांगायचं तर. पाणी मात्र सकाळीच, बादली भरून ठेवली नाही तर बसा. आणि ढेकूण आहेत. औषध मारतात, महिन्याने परत येतात.

जेवण संध्याकाळी एखादी संस्था आणून देते, खिचडी किंवा पोळी-भाजी, पण ज्या दिवशी कुणी येत नाही त्या दिवशी ज्याचं त्याने बघायचं, आणि आत स्वयंपाकाला परवानगी नाही. सासूबाईंना शुगर, त्यांना वेळेवर साधी भाकरी हवी, तर ताई आमच्याच किचनमध्ये थापून न्यायच्या.

आता खरी अडचण. फॅमिलीच्या दोन्ही खोल्या भरलेल्या. मग ताई, सासू आणि मुलगी वर, नवरा खाली, आणि चौदा वर्षांच्या पोराला बायकांच्या हॉलमध्ये ठेवत नाहीत म्हणून तोही खाली. नियम चुकीचा नाही, वरच्या बायकांचाही विचार करायला हवा. पण खालच्या हॉलमध्ये रात्री पिऊन येणारेही असतात, त्यांना हाकलून कुठं घालवणार, तेही बेघरच. नवरा पोराला भिंतीकडे झोपवून स्वतः जागा राहायचा. स्टँडवर निदान सगळे एका चादरीवर होतो, असं ताई म्हणाल्या, आणि तेव्हा मला कळलं की शेल्टरची गाडी आली तरी पुलाखाली राहणारी कुटुंबं का उठत नाहीत. आपण म्हणतो यांना सवयच झालीय रस्त्याची, पण चूल, माणसं आणि सामान एका जागी राहणं ही साधी गोष्ट आत गेल्यावर तुटते त्याचं काय.

नियम कागदावर फार छान आहेत हां. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलं की मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा पाहिजे, तोही बारा महिने चोवीस तास. नंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान या केंद्राच्या योजनेचे नियम आले, त्यात माणशी ५० चौरस फूट जागा धरली होती. म्हणजे पाच जणांना अडीचशे! ताईंची गेलेली खोली दहा बाय बाराची होती, तेव्हा कागदावर त्या बंगल्यात गेल्या म्हणायच्या. प्रत्यक्षात कॉटला कॉट लागून. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २ लाखांच्या वर बेघर मोजले गेले होते, त्यामानाने दोन खोल्या म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

काकूंबद्दल लिहायलाच पाहिजे. हॉल सांभाळणं एवढंच त्यांचं काम, पण मुलीच्या शाळेसाठी पत्र त्यांनी दिलं, जवळच्या पालिका शाळेत मधल्याच महिन्यात प्रवेश झाला, दाखला नंतर आणा म्हणाले. सासूबाईंना सिव्हिलला नेलं, औषधं सुरू झाली. ताईंचं बँकेचं खातं उघडून दिलं आणि दर पगाराला स्लिप दाखव म्हणून मागे लागायच्या, सासूपेक्षा जास्त धाक त्यांचाच. मॅनेजर साहेब चांगले आहेत, पण बहुतेक वेळ मीटिंगला.

आणि मार्क सगळ्यात जास्त कापले ते पुढच्या टप्प्याला. शेल्टरमधून बाहेर कसं पडायचं याची काही सोयच नाही. साधी पत्र्याची खोली घ्यायची तर भाडं चार हजार, पण डिपॉझिट वीस हजार आणि वर एजंटचं एक भाडं. महिन्याला चार हजार ताई देऊ शकतात, आयुष्यभर देतच आल्यात, ते एकदम पंचवीस-तीस हजार आणायचे कुठून? त्यात गंमत म्हणजे काकूंनी खटपट करून आधारवर शेल्टरचा पत्ता घालून दिला, आणि तो पत्ता वाचून दोन घरमालकांनी खोली नाकारली. प्रधानमंत्री आवासच्या २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा वेगळा भाग आहे आणि त्यात बेघरांचं नाव स्पष्ट आहे, पण आमच्या भागात तशी एकही बिल्डिंग मला दिसलेली नाही. आज गरज आहे ती डिपॉझिटपुरत्या बिनव्याजी उचलीची. पालिकेने दिली असती तर ताई कितीतरी आधी बाहेर पडल्या असत्या आणि ती कॉट दुसऱ्या कुणाला मिळाली असती. शेवटी ताई ज्या तीन घरी काम करतात त्यांनी मिळून उचल दिली, महिन्याला थोडी थोडी कापून घेतोय. खोली लांब मिळाली, दोन बस बदलून येतात.

कुणाला गरज पडली तर पालिकेत बेघर निवाऱ्यांचं काम कुठलं ऑफिस बघतं ते विचारा, तिथं शेल्टरचे पत्ते मिळतात. संध्याकाळी सातच्या आत पोचा, फॅमिली रूम रिकामी आहे का ते आधी फोन करून विचारा, नसेल तर वेटिंगला नाव लावाच, कारण न लावलं तर कुणी आपणहून बोलवत नाही. दागिने, पैसे कपाटात ठेवू नका, कुलूप नावालाच आहे. आणि द्यायला जाणार असाल तर जुने कपडे प्लीज नेऊ नका, एक खोली भरून पडलेत. बादल्या, झाकणाचे डबे, सॅनिटरी पॅड आणि नव्या चादरी न्या, आणि काकूंच्या हातात द्या.