सॉलिटेअर म्हणून घेतली, निघाले आठ तुकडे

हे लिहू का नको असं बरेच दिवस चाललेलं, कारण लोकं हसणारच, इंजिनिअर माणूस अंगठी घेताना फसला म्हणून. पण परवा ऑफिसमधला एक पोरगा साखरपुड्याची अंगठी दाखवायला आला आणि मग राहवलंच नाही.

आमचा साखरपुडा डिसेंबर २०२३ चा. हिला सॉलिटेअर हवी होती, म्हणजे मधे एकच ठसठशीत हिरा. पुण्यातल्या एका चकचकीत शोरूममधे गेलो, नाव लिहीत नाही. सेल्समन इतका गोड की काय सांगू, "दादा, वहिनींच्या बोटाला हीच शोभते", अजून सुपारी फुटली नव्हती तरी वहिनी! ५० सेंटचा म्हणजे अर्ध्या कॅरेटचा सॉलिटेअर, १८ कॅरेट सोनं, खांद्यांवर बारीक हिऱ्यांची ओळ, सगळं मिळून ९४ हजार.

आणि मी अभ्यास करून गेलेलो बरं का. कड्याच्या आतल्या बाजूला हॉलमार्क, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेचा शिक्का: बीआयएस या सरकारी संस्थेचा त्रिकोण, ७५० चा आकडा (हजारात ७५० भाग सोनं, म्हणजेच १८ कॅरेट) आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, तो तिथंच बीआयएस केअर ॲपमधे टाकून बघितला, बरोबर आला. हिऱ्याचं वजन वजा करून सोन्याचं निव्वळ वजन बिलावर वेगळं, तेपण तपासलं (हिऱ्याचा १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, कमी वाटतं पण काही जण खडापण सोन्याच्या भावात तोलतात). छाती फुगवून बाहेर पडलो. हॉलमार्क फक्त सोन्याचा असतो, वरच्या हिऱ्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या गणपतीत उकड मळून झाल्यावर हात धुताना हिला बोटाला काहीतरी टोचलं. बघते तर हिऱ्यात फट. तडा नाही हां, मोसंबीची एक फोड काढल्यावर जागा राहते ना तशी तिकोनी, आणि आत धातूची ताटली दिसतीये. आधी घाबरून आम्ही एकवीसच्या एकवीस मोदक फोडून बघितले, नैवेद्य व्हायचा होता, आई अजून त्यावरून बोलते. तुकडा नाहीच मिळाला. रात्री मग ट्यूब पेटली, अरे एकच हिरा असेल तर त्याची फोड कशी निघेल?

सोन्या मारुती चौकापाशी मित्राच्या ओळखीचा एक बंगाली कारागीर बसतो, त्याच्याकडे नेली. त्याने भिंग हातात पण घेतलं नाही, आधी अंगठी उलटी केली. "एक पीस होता तो पीछे से नोक दिखता." मग समजावून सांगितलं. खालचं ते कडं, दोन बाजूंना खांदे, आणि वर हिरा धरून ठेवणारी नखांची छोटी टोपली, तिला हेड म्हणतात. खऱ्या सॉलिटेअरची टोपली बहुतेक करून खालून उघडी असते, हिऱ्याचं टोक तिथून दिसतं. आमच्या अंगठीत खाली फुलाची सुंदर जाळी होती, मला वाटलेलं डिझाईन आहे! त्या जाळीवर ताटली आणि ताटलीवर आठ तिकोनी हिरे फोडींसारखे एकमेकांना दाबून बसवलेले. प्रेशर सेटिंग म्हणतात याला. वरून एकच गोल हिरा वाटतो, नीट बघितलं तर मधे बारीक रेषा असतात. हिरे खरेच आहेत, पण लहान हिऱ्यांचा कॅरेटचा भाव एका मोठ्या हिऱ्याच्या भावाच्या जवळपासपण नसतो, आणि आम्ही भरला मोठ्याचा.

शोरूमला गेलो तर मॅनेजर शांतपणे बिल दाखवतो, "सर, सॉलिटेअर लुक लिहिलंय की." लिहिलं होतं! हिऱ्यांच्या सर्टिफिकेटवर पण होतं, नग २०, एकूण वजन ०.५०. हेडमधले आठ आणि खांद्यांवरचे बारा धरून ५० सेंट. मी फक्त ०.५० आणि होलोग्राम बघितलेला. १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार केली, पण तोंडी बोलल्याचा पुरावा कुठून आणणार. शेवटी पडलेला तुकडा फुकट बसवून द्यायला आणि बदलून घेतली तर मजुरी माफ करायला तयार झाले. आम्ही साधं सोन्याचं वळं घेतलं, हिऱ्यांच्या किमतीत घट लावलीच त्यांनी, साधारण ३० हजाराचा फटका बसला.

तर परवा त्या पोराला म्हणलं, उलटी कर. त्याच्यापण अंगठीला खाली जाळी. आता जाळी असली म्हणजे फसवलंच असं नाही, म्हणून म्हणलं बिलावर नग किती ते बघ, एक नग ५० सेंट असं लिहून मागायला पाहिजे होतंस, आणि सर्टिफिकेटचा नंबर हिऱ्याच्या कडेवर कोरलेला असला तर तो भिंगातून दाखवायला सांग. परत करायला त्याला सात दिवस आहेत, आज पाचवा, आणि बिल म्हणे सासऱ्यांकडे राहिलंय.