पंधरा वर्षांची वॅगन आर ठेवली, त्याला सतरा महिने झाले

आमची वॅगन आर २००९ च्या जूनमधली. जुनी चौकोनी बॉडी, १०६१ सीसीचं पेट्रोल इंजिन, एलएक्सआय. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतली होती. ते गेल्यावर आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, माझ्या नावावर झाली आणि तेव्हापासून मीच चालवते. रत्नागिरीत घर ते शाळा जाऊन-येऊन नऊ किलोमीटर, आणि महिन्यातून एकदा, कधी दोनदा, आईला घेऊन आंबा घाटाने कोल्हापूरला तिच्या डॉक्टरांकडे. एवढाच गाडीचा वापर.

जून २०२४ मध्ये आरसीची पंधरा वर्षं भरत होती. पुन्हा पासिंग करायचं की गाडी काढायची, यावर घरात महिनाभर बोलणं चाललं होतं. दादा पुण्याला असतो. तो म्हणाला, "अगं, बाबांची आठवण म्हणून ठेवतेयस ना? आठवणीला ब्रेक लागत नाहीत." मला ते लागलं, पण त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून ठरवलं की आधी गाडी नीट तपासून घ्यायची, भावनेचं नंतर बघू. अखेर गाडी ठेवली. त्यानंतर ११,४०० किलोमीटर झाले. निर्णय घेताना मला जे कोणी सांगितलं नव्हतं, ते इथे लिहिते आहे.

सगळ्यांत महत्त्वाचं आधी. मी गॅरेजच्या मिस्त्रींना विचारलं होतं, "इंजिन किती दिवस चालेल?" त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. पुढचं कार्पेट उचललं, खालचा फोम हाताने दाबला, आणि बोटांमधून पाणी आलं. मे महिना होता, पाऊस नव्हता. म्हणजे ते आदल्या पावसाळ्यापासूनचं. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन फ्लोअरवर ठिकठिकाणी टोचून पाहिलं. डाव्या सीटच्या पायाशी तो आरपार गेला.

"बाई, इंजिनाचं काय, ते खोलून परत बांधता येतं," ते म्हणाले. "पत्रा खाल्ला की मग काय नाय करता येत."

गाडी आमच्या अंगणात फणसाखाली उभी असते. काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी जो खळगा असतो, तिथलं पाणी बाहेर जायला दोन भोकं असतात. त्यात पानांचा चोथा बसला की पाणी तुंबतं आणि आत झिरपतं. वर कार्पेट कोरडं दिसतं, खाली फोम वर्षभर ओला राहतो. समुद्राची खारी हवा असतेच. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये खालून काळं कोटिंग मारून घेतलं होतं, त्याचा मला मोठा दिलासा वाटायचा. ते गंजावरच मारलं होतं. आतली ओल आतच कोंडली आणि पत्रा पोखरत गेला. कोटिंग करायचं असेल तर आधी गंज ब्रशने खरवडून, प्रायमर लावून, पूर्ण वाळवून मगच. आणि ते एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्याच्या तोंडावर घाईने केलेलं कोटिंग मी तरी पुन्हा करणार नाही.

पुढे जे ठरलं ते याच पाहणीवर. फ्लोअरचा पत्रा गेला असेल तर कापून नवा जोडता येतो. पण दाराखालची आडवी पट्टी, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा आणि खालचे लांब मेंबर (गाडीचा भार पेलणारे पोलादी दांडे) यांना गंज लागला असेल तर गाडीची ताकदच जाते. आमचे मेंबर शाबूत निघाले, पट्टीही टणक होती. ती जागा मऊ लागली असती तर मी त्याच दिवशी गाडी मोडीत दिली असती. इंजिन कितीही गोड चालत असलं तरी.

मग खर्च. पत्रा, वेल्डिंग आणि कोटिंगचे १४,५०० झाले. चार टायर १३,६००. जुन्या टायरवर नक्षी भरपूर होती, पण बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का २२१६ होता, म्हणजे २०१६ च्या बाविसाव्या आठवड्यातले. रबर दगडासारखं झालं होतं. पुढचे शॉकअप, लोअर आर्म आणि बुश (जोडांतली रबरं) यांचे ९,२००, क्लचचे ६,५००. ब्रेकवर ५,४०० गेले. त्यात पॅड आणि लायनरबरोबर रबरी होजपाइप आणि सगळं ब्रेक ऑइलही आलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. घाट उतरताना ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते, पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. घाटात गाडी नेणाऱ्याने हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं, मग गाडी नवी असो की जुनी. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप मिळून ४,८००. बेल्ट किलोमीटर न होताही वयाने तडकतो, आणि तुटला की गाडी जागच्या जागी बंद. बॅटरी ३,९००. एकूण ५७,९०० रुपये.

आरटीओचं काम माझ्या अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. तेव्हा, २०२४ मध्ये, नूतनीकरणाची फी ५,००० होती आणि पेट्रोल कारचा पाच वर्षांचा पर्यावरण कर ३,००० होता. विमा आणि पीयूसी चालू लागतं. निरीक्षकांनी चासी नंबर, दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले. नंबर गंजाखाली झाकला होता, तो आदल्या दिवशी घासून स्वच्छ करून ठेवला हे बरं झालं. आरसी जून २०२९ पर्यंत झाली. मुदत चुकवली तर कारला दरमहा ५०० रुपये उशिराचा दंड आहे.

आता चालवण्याचा अनुभव. पहिल्या आठवड्यातच कळलं की कितीतरी वर्षं मी गाडीच्या खडखडाटाला गाडीचं वय समजत होते. तो बुशचा आवाज होता. साखरप्याच्या पुढे रस्ता चढायला लागतो, तिथे पूर्वी स्टिअरिंग हातात हलकं थरथरायचं, ते थांबलं. क्लच इतका हलका झाला की दोन दिवस गाडी धक्के देत निघायची. दोष माझ्या पायाचा होता, त्याला जड क्लचची सवय झाली होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. या गाडीची सीट उंच, दार सरळ उघडतं, त्यामुळे तिला खाली वाकून बसावं लागत नाही की उठताना हात द्यावा लागत नाही. नवीन गाड्या बघायला गेलो तेव्हा दोन गाड्यांमधून तिला ओढून बाहेर काढावं लागलं होतं. घरात म्हातारं माणूस असेल तर शोरूममध्ये त्यांना सोबत न्या, आणि दोन-तीनदा बसवून उठवून बघा.

अॅव्हरेज कमी झालं आहे. टाकी फुल ते फुल असं मोजते. पूर्वी सोळाच्या वर असायचं, आता सव्वापंधरा पडतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे थोडी घट धरूनच चालायला हवी. त्याहून महत्त्वाचे जुने रबरी पाइप. ते या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा वास यायला लागला. पाइप कडक होऊन जोडाशी तडकला होता. सगळे पाइप आणि गॅस्केट बदलले, २,७०० रुपये. २०१० च्या आसपासची गाडी ठेवणार असाल तर वास यायची वाट बघू नका, आधीच बदला. जानेवारीत रेडिएटर झिरपू लागला, ३,६००. दर रविवारी कूलंटची पातळी बघते म्हणून लवकर लक्षात आलं. मार्च २०२५ मध्ये नवी नंबर प्लेट बसवली, ७४५ आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ८७९. एसीचं काम अजून केलेलं नाही. मे महिन्यात आईला त्रास होतो. आमच्याकडून राहिलेलं हे मोठं काम.

रस्त्यात गाडीने एकदाच सोडलं, पण ते विसरण्यासारखं नाही. ऑगस्ट २०२५, दुपारी चारची वेळ, आंबा घाट, धुकं आणि मुसळधार पाऊस. आई शेजारी. अर्धा घाट चढून झाल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. थोड्या वेळाने वायपर मंदावले, मग हेडलाइट पिवळे पडले. अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा भाग, गेला होता, गाडी फक्त बॅटरीवर चालली होती. ब्लोअर बंद केला, पार्किंगचे दिवे लावले, वायपर जमेल तेव्हा थांबवून थांबवून चालवले. ब्लोअर नसल्यामुळे काच आतून धुरकट होत होती आणि आई न बोलता रुमालाने पुसत होती. घाट संपला, आंबा गाव मागे पडलं, आणि मलकापूरला एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दारात जाऊन गाडी बंद केली. बंद केल्यावर पुन्हा चालू झाली नाही. त्यांनी चार्ज केलेली बॅटरी लावून दिली म्हणून कोल्हापूर गाठलं. उद्यमनगरात अल्टरनेटर उघडून दुरुस्त करून घेतला, ४,३००. काम उत्तम झालं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हा पार्ट मी मे २०२४ च्या यादीतच धरला नव्हता, कारण तेव्हा तो चालत होता. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. एबीएस २०१९ पासून आणि पुढच्या दोन एअरबॅग २०२२ पासून प्रत्येक नव्या कारला सक्तीच्या आहेत. समोरून येणारा ट्रक आमच्यावर आदळला असता तर ५७,९०० रुपयांच्या दुरुस्तीतलं काहीही आईच्या उपयोगाला आलं नसतं. दुरुस्ती करून गाडी तिच्या मूळ स्थितीला येते. २००९ च्या पुढे जात नाही. जुनी गाडी ठेवण्यातला हा खरा तोटा आहे आणि तो कुठल्याही हिशेबात भरून निघत नाही. तेव्हापासून घाट फक्त दिवसा, पावसाचा इशारा असेल तर एसटीने, आणि वेग ७० च्या आत.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या कारवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि दादाचा पुन्हा फोन आला. या वेळी मी वही काढून बसले. बहुतेक लोक दुरुस्तीचा खर्च आणि हप्ता यांची तुलना करतात, ती बरोबर नाही, कारण हप्ता फेडून शेवटी गाडी आपल्या हातात राहते. मी असं मांडलं: जून २०२४ मध्ये ५ लाख ८० हजार शोरूम किमतीची गाडी घेतली असती, तर ११ टक्के रोड टॅक्स आणि विमा धरून पावणेसात लाखांपर्यंत गेली असती. पाच लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता १०,३७९. सतरा महिन्यांत त्यातले साधारण ५६,७०० नुसते व्याजात गेले असते. विम्याच्या हिशेबाने वर्ष ते दोन वर्षांच्या गाडीची किंमत २० टक्के उतरते, म्हणजे १ लाख १६ हजार. जवळजवळ ६४ हजारांचा रोड टॅक्स परत न येणारा. हे सगळं दोन लाख छत्तीस हजारांच्या पुढे जातं. तेवढ्याच काळात आमच्या गाडीवर सुरुवातीची दुरुस्ती, आरटीओ, दोन सर्व्हिसिंगचे ८,४०० आणि वर सांगितलेलं सगळं धरून ८५,७७९ झाले. त्यातला टायर, क्लच, बेल्टचा खर्च पुढची काही वर्षं पुन्हा येणार नाही.

पण हा हिशेब महिन्याला सहाशे-सातशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा आहे. रोज पन्नास-साठ किलोमीटर हायवेवर जाणाऱ्याने माझं उदाहरण धरू नये. त्याने एअरबॅगवाली गाडी घ्यावी, अगदी चार-पाच वर्षांची जुनी घेतली तरी चालेल. आमच्या गाडीला एक्स्चेंजमध्ये पन्नास हजार सांगितले होते. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरतात, म्हणजे तेवीस ते पस्तीस हजार. दोन्ही मार्ग उघडे आहेत, म्हणून घाई नाही.

दादाला हे सगळं वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईला कोल्हापूरला न्यायचं असेल तेव्हा मी माझी गाडी घेऊन येईन. बाकी तू चालव." दिवाळीनंतरच्या खेपेला तो पुण्याहून आला आणि आईला घेऊन गेला.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, मी मिस्त्रींकडे पुन्हा कार्पेट उचलून घेतलं. जूनमध्ये फोमखाली वर्तमानपत्रं पसरली होती, ती कोरडी निघाली. पाणी जायची भोकं मी दर रविवारी तारेने साफ करते, त्याचा उपयोग झाला. वेल्डिंगच्या कडाही ठीक आहेत. पण डाव्या मागच्या दाराखालच्या पट्टीवर, चाकाच्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढा रंग फुगलेला दिसला. मिस्त्रींनी टोचून पाहिलं, आतला पत्रा अजून टणक आहे. त्यांनी खरवडून प्रायमर लावला, मी त्याच्याभोवती पांढऱ्या ऑइल पेंटने गोल काढला आणि वहीत तारीख लिहिली. जानेवारीत पुन्हा बघायचं आहे.