सुपर ग्लू: कुठे धरतो, कुठे सोडतो

घरात काही तुटलं की खणातली ती इवलीशी ट्यूब शोधली जाते. पाच मिनिटांनी तुटलेली वस्तू तशीच असते आणि अंगठा तर्जनीला चिकटलेला. मग ‘हल्लीच्या गोंदात दम नाही’ असं म्हणून ट्यूब पुन्हा खणात. यात गोंदावर अन्याय होतो. दोन-तीन ग्रॅमच्या ट्यूबकडून एवढं काम करून घेता येणारी दुसरी वस्तू घरात क्वचितच असेल. फक्त त्याच्या तीन अटी आहेत: तुकडे एकमेकांत फट न ठेवता बसायला हवेत, थर पातळ हवा आणि जोडावर येणारा ताण सरळ ओढीचा हवा. कडेपासून सोलला जाणारा, वाकणारा किंवा दणके खाणारा जोड असेल तर हा गोंद पैसे वसूल करून देणार नाही.

बहुतेक सगळ्या ट्यूबांत एकच रसायन असतं, एथिल सायनोॲक्रिलेट. नावं आणि वेष्टणं बदलतात, आतला माल फारसा बदलत नाही. हा गोंद वाळत नाही, ही गोष्ट समजली की निम्मे घोटाळे टळतात. पांढऱ्या गोंदातलं पाणी उडून जातं आणि तो घट्ट होतो. इथे उलटं आहे. ट्यूबमध्ये गोंद पातळ राहावा म्हणून किंचित आम्ल घातलेलं असतं. कुठल्याही पृष्ठभागावर हवेतल्या दमटपणाचा न दिसणारा थर असतोच. गोंद त्याला टेकला की आम्लाचा अंमल संपतो आणि रेणूंच्या साखळ्या भराभर तयार होतात. म्हणून पातळ थर काही सेकंदांत पकडतो आणि जाड थेंब बाहेरून कडक, आतून तासन्‌तास ओला राहतो. ‘जरा जास्तच लावू, घट्ट बसेल’ हा विचार या गोंदाच्या बाबतीत साफ चुकीचा. एक चौरस इंच जागेला एक थेंब पुरतो. हवा फार कोरडी असेल तर ज्या बाजूला गोंद लावायचा नाही तिच्यावर तोंडाची वाफ सोडावी, पकड लवकर येते.

याचा जन्मही अडगळीतलाच. 1942 साली कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि सहकारी बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे द्रव्य ज्याला त्याला चिकटू लागलं म्हणून त्यांनी ते बाजूला टाकलं. 1951 मध्ये ते पुन्हा हाताळताना त्याचं खरं मोल लक्षात आलं आणि 1958 मध्ये ‘ईस्टमन 910’ या नावाने ते बाजारात आलं.

दुकानात याचे मुख्यतः दोन प्रकार मिळतात: पातळ आणि जेल. घरात एकच ठेवायचा असेल तर जेल घ्या. तो जागचा हलत नाही, उभ्या बाजूवरून ओघळत नाही, तुकडा सरळ करायला चार-पाच सेकंद जास्त देतो आणि बोटांवर कमी येतो. पातळ गोंदाची खुबी वेगळी. तो बारीक तड्यात आपोआप शिरतो. लाकडी टेबलाच्या कडेची उकललेली ढलपी किंवा चिनी मातीच्या मूर्तीवरची केसासारखी चीर यांसाठी तोच हवा. तुकडे आधी जुळवून धरायचे आणि सांध्यावर बाहेरून एक थेंब टेकवायचा. बाकीचं काम तो करतो. ब्रशवाल्या बाटलीच्या वाटेला जाऊ नये. दर वेळी झाकण उघडलं की भरपूर हवा आत जाते आणि ब्रश लवकरच काडीसारखा कडक होतो. एकाच पाकिटात एकेक ग्रॅमच्या तीन-चार ट्यूबा मिळतात, त्या ग्रॅममागे महाग पडतात खऱ्या, पण मोठी बाटली निम्मी भरलेली असतानाच दगड होते. हिशेब केला तर छोट्या ट्यूबाच स्वस्त.

आता नेहमीची दुर्घटना घेऊ: कपाचा कान तुटला. कान बहुधा दोन जागी तुटतो, वर आणि खाली, म्हणजे दोन्ही सांधे एकदमच बसवावे लागतात. आधी बारीक कपच्यासुद्धा गोळा करा. चिनी मातीची तुटलेली कड सच्छिद्र असते आणि पाणी पिते, म्हणून कप धुतला असेल तर रात्रभर वाळू द्या. तुटलेल्या कडांना बोट लावू नका, त्वचेचा तेलकटपणा पकड कमी करतो. गोंद उघडण्याआधी कान कोरडाच बसवून पाहा आणि सांध्यावरून नख फिरवा. पायरी लागता कामा नये. लागली तर मध्ये कण अडकलाय, तो काढा. मग कप टॉवेलच्या जाड घडीत असा आडवा ठेवा की कानाची जागा वर येईल आणि कानाचं वजन सांध्यावर सरळ पडेल. गोंद फक्त कानाच्या दोन टोकांना, प्रत्येकी छोटा ठिपका, कडेपासून जरा आत. दाबल्यावर तो पसरतोच. कान सरळ टेकवा, सरकवू नका, मिनिटभर स्थिर धरा. बाहेर आलेला गोंद ओला असताना पुसायचा मोह आवरा, त्याने डाग फरफटतो आणि फडक्याचे धागे चिकटून बसतात. दुसऱ्या दिवशी ब्लेडच्या पात्याने तो सालासारखा निघतो. पूर्ण ताकद यायला चोवीस तास लागतात, तोवर कान धरून कप उचलायचा नाही.

आणि एवढं नीट केल्यावरही त्या कपातून गरम काही पिऊ नका. साधा सुपर ग्लू सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या पुढे ढिला पडतो, आणि रोजचं गरम पाणी, साबण, पुन्हा गार होणं हे सगळं त्याला आतून पोखरतं. कान सुटायचा तर तो कप भरलेला असतानाच सुटणार, कारण तेव्हाच वजन जास्त असतं. पेनं ठेवा, ब्रश ठेवा, छोटं रोप लावा. अन्न टेकेल त्या बाजूला हा गोंद नकोच.

कडेचा टवका हरवला असेल तर खाण्याचा सोडा कामी येतो. सोडा अल्कधर्मी असल्याने गोंद त्याला लागताच घट्ट होतो. खळग्यात चिमूटभर कोरडा सोडा भरा, सपाट करा, त्यावर पातळ गोंदाचा एक थेंब. तो शोषला जातो आणि जागच्या जागी दगडासारखा पांढरट भराव तयार होतो. नंतर बारीक पॉलिश पेपरने घासून आकार द्यायचा. खोल खळगा दोन-तीन थरांत भरा. थेंब टाकताना चांगलीच उष्णता आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते, तेव्हा नाक वर नेऊन पाहत बसू नका. लाकडातलं ढिलं झालेलं स्क्रूचं भोकही असंच भरता येतं. लाकूड मुळात आम्लधर्मी असल्याने एकटा गोंद त्यात रेंगाळतो, सोड्याने तीही अडचण जाते. मात्र भराव घट्ट झाल्यावर ड्रिलने नवं बारीक भोक पाडूनच स्क्रू फिरवा.

या ट्यूबचा सगळ्यात समाधान देणारा उपयोग मात्र बुटाच्या नाडीवर होतो. टोकाची प्लास्टिकची नळी निघून गेली की नाडी विस्कटते आणि छिद्रातून जाता जात नाही. टोक पिळून घट्ट करा, चिमट्यात धरा, जेलचा अगदी पातळ हात फिरवा आणि दहा मिनिटं टांगून ठेवा. मग कात्रीने तिरकं कापा. सुईसारखं टोक मिळतं आणि बूट फाटेपर्यंत टिकतं. नाडी सुती असेल तर गोंद खरंच थोडा घ्या. कापूस आणि सायनोॲक्रिलेट एकत्र आले की प्रतिक्रिया इतकी वेगाने होते की धूर निघतो आणि हात भाजतो. याच कारणासाठी सुती हातमोजे घालून किंवा कापसाच्या बोळ्याने हा गोंद कधीही हाताळू नये. कपड्यावर सांडला तर कापड लगेच अंगापासून दूर धरा आणि भरपूर पाणी ओता.

जिथे तो हमखास दगा देतो ती यादी प्लास्टिकपासून सुरू होते. बादल्या, डब्यांची झाकणं, लवचीक बाटल्या या बहुधा पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि त्यांना हा गोंद धरतच नाही. ट्यूबचं नोझल आणि बाटलीसुद्धा पॉलिथीनचीच असते ती उगाच नाही. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात 2, 4 किंवा 5 आकडा दिसला की ट्यूब उघडायचे कष्ट घेऊ नका. अशा प्लास्टिकसाठी आधी लावायच्या प्रायमरसकट जोडपाकिटं मिळतात. ती घ्या, नाहीतर नवी बादली घ्या. उलट खेळणी, कीबोर्डची बटणं, उपकरणांची कवचं यांतलं कडक एबीएस प्लास्टिक हा गोंद छान जोडतो.

बुटाचा सोल ही दुसरी फसवी जागा. रबराला सुपर ग्लू उत्तम चिकटतो, त्यामुळे पहिले दोन दिवस सोल अगदी नवा वाटतो. पण जोड काचेसारखा कडक होतो आणि पाऊल दर पावलाला वाकतं. बोटांच्या रेषेत तडा जातो आणि तिथून सोल सोलत निघतो. वर अडचण अशी की त्या कडक थरावर दुसरा गोंद बसत नाही, तो आधी खरवडून काढावा लागतो. सोलला लवचीक राहणारा बुटांचाच गोंद लावा.

काचेच्या बाबतीत निकाल उशिरा कळतो. सुरुवातीला जोड जबरदस्त वाटतो, मग ओलाव्याने आणि काळाने सुटतो. तिथे अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा गोंद किंवा दोन भाग मिसळायचं इपॉक्सी योग्य. फट असलेले, तुकडे हरवलेले आणि वजन पेलायचे जोडही इपॉक्सीकडेच सोपवावेत.

चष्म्याची काडी चिकटवायला बसला असाल तर थांबा. घट्ट होताना या गोंदाची वाफ निघते आणि ती आजूबाजूला पांढरी पुटं धरते. काचेवर बसलेली ती धुरकट झाक निघता निघत नाही, आणि ती काढायला ॲसिटोन लावलं तर प्लास्टिकची काच आणि फ्रेम दोन्ही जातात. हीच वाफ बोटांच्या ठशांवरही बसते. पोलिसांच्या प्रयोगशाळांत ठसे उठवायला बंद पेटीत नेमकी तीच वापरतात. काळ्या कवचाच्या उपकरणावर जोडकाम केल्यावर शेजारी आपलीच बोटं पांढरी उमटलेली दिसतात ती यामुळे. गोंद कमी वापरा, तुकडा लगेच डबीत बंद करू नका, वारा खेळता ठेवा, पुटं येत नाहीत. आलीच तर दुसऱ्या दिवशी कोरड्या मऊ फडक्याने घासून तेलाचं बोट फिरवा, बरीचशी झाकली जातात.

बोटं चिकटली तर ओढाताण करू नका. सोललं जाणं ही या गोंदाची दुखरी बाजू आहे, ती इथे उपयोगी पडते. कोमट साबणाच्या पाण्यात बोटं बुडवून ठेवा, मग मध्ये पेन्सिलसारखी बोथट गोल वस्तू घालून हळूहळू फिरवा. ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हरही चालतं, पण जखमेवर, तोंडाजवळ, डोळ्याजवळ अजिबात नाही. रिमूव्हरच्या बाटलीवर ॲसिटोन लिहिलंय का ते पाहा, नसलेलं रिमूव्हर इथे निरुपयोगी. राहिलेली पुटं एक-दोन दिवसांत त्वचेबरोबर आपोआप पडतात. डोळ्यात गेला तर कोमट पाण्याने धुवत राहा, पापण्या जबरदस्तीने उघडू नका आणि डॉक्टरांकडे जा. शस्त्रक्रियेत याच कुळातले गोंद वापरतात हे खरं, पण ते वेगळ्या रचनेचे आणि निर्जंतुक असतात. घरची ट्यूब कापल्या बोटावर ओतू नये.

राहता राहिली साठवण, आणि सर्वाधिक ट्यूबा मरतात त्या इथेच. न उघडलेली ट्यूब फ्रीजमध्ये वर्षभर आरामात राहते. बाहेर काढल्यावर मात्र खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच फोडा, नाहीतर थंड नोझलवर दव धरतं आणि तो ओलावाच आतला गोंद घट्ट करतो. वापर झाला की ट्यूब उभी धरून टिचकी मारा, नोझलमधला गोंद खाली उतरू द्या, टोक कागदाने कोरडं करा, टोपण घट्ट लावा. मग नव्या चपलांच्या खोक्यात सापडणारी सिलिका जेलची पुडी घातलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत ती उभीच ठेवा. आडवी ठेवली की गोंद नोझलमध्ये जाऊन तिथेच बसतो.

नोझल बुजलं तर दाबत सुटू नका, ट्यूब मागच्या दुमडीतून फुटते आणि सगळा माल तळहातावर येतो. टोकाचे दोन मिलिमीटर ब्लेडने कापा किंवा टाचणी घाला. टाचणी आत ठेवून देऊ नका, ती कायमची तिथलीच होते. सुटं होणारं नोझल असेल तर ते काढून तासभर ॲसिटोनमध्ये बुडवा आणि पूर्ण कोरडं करून परत लावा. ट्यूब चेपल्यावर गोंद मधासारखा दाट, तार धरत येत असेल तर त्याची मुदत संपली. तो चिकटल्यासारखा वाटेल, पण जोड पहिल्या धक्क्याला सुटेल.